धोंड्यानंतरची पंचमी

माझ्या नावावर एकेचाळीस शोधनिबंध आहेत. हे वाक्य मी सणासुदीला, चार माणसं जमली की, एकदा तरी बोलून घेते. त्यावर आमचे हे दर वेळी विचारतात, "त्यातले आपल्याला कळतील असे किती?" मुलगी लहान होती तेव्हा तिनं शाळेत सांगितलं होतं की माझी आई निबंध लिहिते, पण अजून तिचा एकदाही नंबर आलेला नाही.

विषय एकच. गरोदर बायका आणि वेळेआधी जन्मणारी बाळं. आमच्या बीड जिल्ह्यात याला साधा शब्द आहे, कमी दिवसाचं बाळ. सदतीस आठवडे पूर्ण व्हायच्या आधी आलेलं ते कमी दिवसाचं. ते का येतं, कुणाच्या घरी जास्त येतं, आलं तर त्याचं पुढं काय होतं, एवढंच मी आयुष्यभर विचारत फिरले. पाहुण्यांना वाटतं मी डॉक्टर आहे. मी डॉक्टर आहे, पण पुस्तकी. लग्नकार्यात कुणाला चक्कर आली की सगळे माझ्याकडे बघतात आणि मी कांदा शोधायला पळते.

या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट तपासणी नाही, रक्त नाही, वजन नाही. दिवस मोजणं ही आहे. बाळ कमी दिवसाचं की पुऱ्या दिवसाचं हे ठरवायला मोजणी कुठून सुरू करायची ते माहीत हवं, आणि ती सुरू होते शेवटच्या पाळीच्या तारखेपासून. आता सोनोग्राफी सुरुवातीलाच होते, काम सोपं झालं. मी सुरुवात केली तेव्हा पुष्कळ बायका पाचव्या-सहाव्या महिन्याशिवाय आमच्या हाती लागायच्या नाहीत. तेव्हा त्यांना विचारायचं, "ताई, शेवटची पाळी कधी आली होती?" आणि त्या काय सांगतील ते लिहून घ्यायचं.

काय काय सांगायच्या. परळीच्या औष्णिक केंद्राच्या बाजूला एकीनं सांगितलं, "ते राख पडायची थांबली होती बघा आठ दिवस, वाळवण पांढरं राहिलं, त्याच्या आदल्या आठवड्यात." आम्ही कागदपेन्सिल घेऊन राखेच्या चौकशीला गेलो. दुसरीच्या वतीनं सासूच उत्तर द्यायची. सुनेनं तोंड उघडलं की सासू म्हणायची, "तिला काय इचारता, मला ठावं हाय." तिला खरोखरच ठाऊक असायचं. बौद्ध वस्तीतल्या बाया मात्र तारीख द्यायच्या, ठणठणीत. "चौदा एप्रिलच्या आधी दोन दिवस." "सहा डिसेंबरला गाडीत बसले, तवाच." त्यांचा कॅलेंडरशी करार पक्का होता. थोड्या शेतकऱ्यांच्या आणि जवळजवळ सगळ्या मेंढपाळांच्या घरातल्या बाया सण सांगायच्या. पोळा, पंचमी, सटवाईची जत्रा.

म्हणून मी एक तक्ता केला. डावीकडं सण, जत्रा, काढणी, मेंढरांची कातरण. उजवीकडं इंग्रजी तारीख. बाई म्हणाली पंचमी, की बोट सरकवायचं आणि तारीख लिहायची. त्या तक्त्याचा मला फार अभिमान होता. बीडच्या स्टँडसमोरच्या दुकानातून तो प्लॅस्टिकच्या जाड आवरणात घालून आणला, बारा प्रती, गावोगाव फॉर्म भरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्तीला एक. त्यावर चहा सांडला तरी पुसता यायचा. आपल्याकडं प्लॅस्टिकमध्ये घातलेल्या कागदावर लोकांचा देवासारखा विश्वास बसतो. माझाही बसला.

बारा कार्यकर्तींमध्ये शीलाताई ही सगळ्यात चोख. मांजरसुंब्याच्या अलीकडं तिचं गाव. घर बौद्ध, वडील पोस्टात, त्यामुळं कागदाला कागदासारखं वागवायची. तिचं एकच खटकायचं. फॉर्मच्या शेवटी 'शेरा' म्हणून रिकामा रकाना असतो, तो ती गच्च भरायची. बाकीच्या कार्यकर्ती तिथं 'काही नाही' लिहायच्या किंवा एक रेघ ओढायच्या. शीलाताईचा शेरा पानाच्या मागं जायचा.

मी तिला एकदा म्हटलंही, "शीलाताई, शेरा कॉम्प्युटरमध्ये जात नाही हो."

"मंग कुठं जातो मॅडम?"

"फायलीत."

"फायलीत तर फायलीत," ती म्हणाली. "बाईनं सांगितलंय, ते कुठंतरी ऱ्हायला पायजे."

अभ्यासाच्या दुसऱ्या वर्षी आषाढात धोंड्याचा महिना आला. अधिक महिना. दर पावणेतीन वर्षांनी येतो, आणि लेकीला जावयासकट माहेरी बोलावून धोंडे खाऊ घालायचे. माझं माहेर परळीला, वडील औष्णिक केंद्रात होते, तिथल्याच कॉलनीजवळ घर. आईनं आम्हाला बोलावलं. आई पुरणाचे धोंडे वाफवायची, पानात आला की पहिला धोंडा स्वतःच्या हातानं फोडायची आणि त्याच्या पोटात तूप सोडायची. मी त्या दिवशी भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा मांडीवर घेऊन जेवले. आई म्हणाली, "बाई, ते कागद ठेव जरा. धोंडा निवतोय." मी म्हटलं, "हो, एवढं पान संपवते." संपवलं. धोंडा निवला. आमच्या ह्यांनी तोपर्यंत पाच खाल्ले होते, त्यांच्या सासूबाई कौतुकानं सहावा वाढत होत्या.

त्यानंतर पाऊण वर्षानं, एप्रिलमध्ये, मी आणि शीलाताई द्वारकेला भेटायला गेलो.

द्वारका मेंढपाळांच्या घरातली. लग्नाला दीड वर्ष झालेलं, पहिली खेप. त्यांच्या मेंढ्या तेव्हा मांजरसुंब्याजवळच्या एका पडीक रानात बसल्या होत्या. दोन पालं, चूल, एक घोडं, आणि लिंबाखाली द्वारका कंबर धरून बसलेली. तिचा फॉर्म शीलाताईनं थंडीतच भरला होता. सकाळपासून तिच्या कमरेत कळा येत होत्या. सासूनं मला विचारलं, "मॅडम, बीडला न्यावं का? मोठ्या दवाखान्यात?"

आमची जीप रस्त्यावर उभी होती. ड्रायव्हर टायरला टेकून शेंगा खात होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्यानंतर मी ती जीप किती वेळा आठवली त्याला गणती नाही.

मी फॉर्म उघडला. शेवटची पाळी: नागपंचमी. तक्त्यावरची तारीख, त्यावरून आठवडे. सदतीस पूर्ण होऊन वर तीन-चार दिवस.

"दिवस भरलेत," मी म्हटलं. "घाबरायचं काही नाही. जवळच्या केंद्रात न्या, तिथं होईल नीट."

द्वारकेनं मान वर केली. "न्हाई ताई. भरले न्हाईत. अजून महिना हाय."

"अगं, तूच सांगितलंस ना, पंचमी?"

"व्हय, पंचमीच. मी भायेर बसले व्हते, वारुळाला बी जाता आलं न्हाई. समद्या झोके खेळल्या अन् मी दगडावर. मला ठावं हाय ना. तिथून मोजलंय मी."

"मीही तिथूनच मोजलंय," मी म्हटलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "प्रत्येकीला असंच वाटतं."

तो हात मला अजून दिसतो. प्रेमानं फिरवला होता, तेच वाईट.

संध्याकाळी ती त्या केंद्रात बाळंत झाली. मुलगी. दुसऱ्या दिवशी सकाळी शीलाताईचा फोन आला की बाळ गार पडतंय, अंगावर ओढत नाही. मग तीच जीप, तोच रस्ता, बीड. बाळाला उबेच्या पेटीत ठेवलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी बाळाचा पाय उचलून मला तळवा दाखवला. पुऱ्या दिवसांच्या बाळाच्या तळव्यावर रेघा असतात. हा तळवा जवळजवळ कोरा होता.

"मॅडम, हे कमी दिवसांचं वाटतंय."

"नाही हो," मी म्हटलं, "माझ्याकडे तारीख आहे."

त्यांनी बाळाचा पाय अलगद खाली ठेवला. माझं वय जास्त, पदवी मोठी, आणि पिशवीत प्लॅस्टिकमधला तक्ता.

बारा दिवस बाळ पेटीत होतं. मी दोनदा जाऊन आले. द्वारका बाहेरच्या ओट्यावर बसून दूध काढून वाटीतून आत पाठवायची. मला बघून ती एवढंच म्हणाली, "म्हणलं व्हतं ना ताई." रागानं नाही. पाऊस येईल असं सकाळी सांगितलेलं असतं आणि दुपारी येतो, तसं. मी बाळाचं वजन विचारलं.

तेराव्या दिवशी त्यांना घरी सोडलं. महिन्यानं शीलाताई पुढच्या भेटीला रानात गेली तर पालं नव्हती. तिनं शेऱ्यात लिहिलं, 'तळ उठला. पत्ता नाही.' आमच्या भाषेत त्या बाईचा पाठपुरावा सुटला. असे सुटलेले आकडे निबंधाच्या तळाशी बारीक अक्षरात देतात. मूल जगलं की नाही, हे त्या बारीक अक्षरात मावत नाही.

निबंध मात्र झाला, आणि गाजला. त्यात असं निघालं की त्याच गावांतल्या इतर घरांपेक्षा मेंढपाळांच्या घरी कमी दिवसांची बाळं कमी जन्मतात. बाळं हलकी असतात, पण पुऱ्या दिवसांची. का? मी अडीच पानं कारणं लिहिली. रोजचं चालणं. मोकळी हवा. शेळीमेंढीचं दूध. चालण्यावर तर मी इतकं सुंदर लिहिलं होतं की स्वतःच भारावून दोन आठवडे पहाटे फिरायला गेले. परिषदांतून बोलावणी आली, एकदा विमानातून. या एका निबंधावर मला बढती मिळाली. माझ्या यादीतला हा चौथा, आणि लोक आजही दाखला देतात तो याचाच.

मध्ये तीन धोंडे येऊन गेले. पहिल्या दोन्ही वेळी आईनं बोलावलं, मला सवड नव्हती. हे एकटे जाऊन आले, जावई म्हणून त्यांचा मान शाबूत होता. तिसऱ्याच्या आधी आई गेली.

यंदाचा धोंडा जेठात आला. मुलीचं लग्न गेल्या साली झालं, म्हणजे आता जावयाला धोंडे खाऊ घालायची पाळी माझी. मला एकेचाळीस निबंध येतात, धोंडे येत नाहीत. मोबाईलवर बघत कणीक मळत होते. हे ओट्याशी उभं राहून पुरण चाखत होते. माझ्या नवऱ्याला कुणाचा वाढदिवस आठवत नाही, लग्नाचा तर नाहीच, पण कुठल्या साली कुठं काय जेवलो हे तोंडपाठ आहे.

"तुझ्या आईच्या हातचे सहा खाल्लेले मी," ते म्हणाले. "तो धोंडा आषाढात होता. त्या वर्षी सगळेच सण लांबले. पंचमी पार पंधरा ऑगस्टच्या सुट्टीच्याही पुढं गेली होती. आदल्या वर्षी एक तारखेलाच झाली होती, पगार व्हायच्या आधी, म्हणून लक्षात आहे."

"काय म्हणालात?"

"पगार व्हायच्या आधी."

"त्याच्या आधी."

"पंचमी लांबली."

कणकेत हात तसाच राहिला. तक्ता मी अभ्यास सुरू होताना केला होता. एकदाच. चौदा एप्रिल दर वर्षी चौदा एप्रिललाच येतो, पंचमी येत नाही, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. मी दर वर्षी दिवाळी कधी आहे ते भिंतीवर बघून सुट्टी टाकत होते. पण तक्ता प्लॅस्टिकमध्ये होता. दुसऱ्या वर्षी धोंडा आला, पंचमी अठरा-एकोणीस दिवस पुढं सरकली, आणि आम्ही तेराजणी जुन्याच तारखेवर बोट ठेवत राहिलो. धोंड्यानंतर पाळी चुकलेल्या, सण सांगणाऱ्या प्रत्येक बाईचे अठरा-एकोणीस दिवस मी जास्त धरले. त्या महिन्याचे धोंडे मी स्वतः खाल्ले होते, मांडीवर ते फॉर्म घेऊन.

तारीख सांगणाऱ्या घरांचा हिशोब बरोबर आला. सण सांगणाऱ्यांची कमी दिवसांची बाळं पुऱ्या दिवसांची झाली. चालणं नाही, हवा नाही, दूध नाही. माझा तक्ता.

माळ्यावरून खोकी मी त्याच दिवशी काढली. ह्यांनी स्टूल धरलं. द्वारकेचा फॉर्म सापडायला दोन तास लागले. पान उलटलं. शीलाताईचं पोस्टातलं अक्षर:

'बाई म्हणते पंचमी, पण ही धोंड्यानंतरची पंचमी. धोंड्याला नवऱ्याबरोबर माहेरी गेली होती म्हणून पक्के ठाऊक. आमच्याकडे धोंडा करत नाहीत, म्हणून मला यातले कळत नाही. तक्त्यात धोंडा धरला आहे का, मॅडमना विचारणे.' आणि खाली द्वारकेच्या माहेरच्या गावाचं नाव.

मी तिथंच, माळ्याच्या धुळीत, शीलाताईला फोन लावला. ती आता काम सोडून गावी असते, नातू सांभाळते.

"शीलाताई, तुम्ही मला विचारलं होतं का हो कधी, तक्त्यात धोंडा धरलाय का म्हणून?"

"लिहिलं व्हतं की."

"तोंडी विचारलं नाहीत?"

"तुमी तवा कायम गडबडीत व्हता. म्हणलं, वाचतील. रानात तुमी फॉर्म बघून सांगितलं, तवा वाटलं वाचलंय. वाचलं न्हाई व्हय?"

"आज वाचलं."

"कावून, आज काय झालं?"

मी सगळं सांगितलं. मागं नातू रडत होता. त्याला गप करून ती म्हणाली, "मंग ती पोरगी खरंच महिनाभर आधी आलती."

"हो."

"अन् तिची आई खरं बोलत व्हती."

"हो, शीलाताई."

"बगा," ती म्हणाली. एवढंच.

पुढचे आठ दिवस मी जुने फॉर्म पुन्हा तपासले. तारखा दुरुस्त केल्यावर मेंढपाळांच्या घरांचा तो गाजलेला फायदा नाहीसा झाला. नियतकालिकाला पत्र लिहिलं. एका तरुण सहकाऱ्यानं समजावलं, "मॅडम, एवढी वर्षं झाली, कोण बघतंय?" मी म्हटलं, बघत नाही हीच तर भानगड आहे. अर्ध्या पानाची दुरुस्ती छापून येणार आहे. माझ्या यादीत तीही घातली. कार्यालयातल्या लिपिकानं विचारलं, "याचे गुण किती धरायचे?" मी म्हटलं, "शून्य." तो म्हणाला, "मग टायपायची कशाला?" तरी त्यानं टायपली, भला माणूस.

पण अर्ध्या पानानं माझं भागेना. मला ती मुलगी हवी होती. बारीक अक्षरातली नव्हे, खरी. आहे की नाही, एवढं तरी. मांजरसुंब्याच्या चौकात ढाब्यावाल्यांकडं मी मधल्या वर्षांत पुष्कळदा चौकशी केली होती, त्या रस्त्यानं मेंढरं जातात म्हणून. ते म्हणायचे, "मॅडम, कळप लई जातात. नाव काय लिहिलेलं असतंय का मेंढरावर?"

फोन शीलाताईचाच आला. "मॅडम, मेंढरं फिरतात, पण माहेर फिरतंय का? अन् आता महिना कोणता चालूय?"

मी ओशाळले. अकरा वर्षांत धोंडा दुसऱ्यांदा माझ्या समोर उभा होता आणि मला दुसऱ्यांदा दिसला नव्हता. धोंड्यात लेक नवऱ्यासकट माहेरी येते. ती कुठल्याही रानात असो, या महिन्यात ती कुठं सापडणार ते शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं.

शीलाताईनं त्या गावात निरोप पाठवून द्वारका येणार तो दिवस काढून आणला. सकाळी मी तिला द्वारकेचा फॉर्म दिला आणि आम्ही बीडहून निघालो. मी वाटेत दोनदा म्हटलं, "आपण परत जाऊ." शीलाताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मूल नसलं तर काय म्हणायचं, ह्याची भीती वाटतीय ना?" मी हो म्हटलं. "मला बी," ती म्हणाली. "पण मी फॉर्म आणलाय."

पत्र्याचं घर, पुढं लिंब, दावणीला दोन करडं. ओसरीवर नवी टोपी घातलेला माणूस पाटावर बसलेला, समोर ताट. द्वारकेचा नवरा. आम्हाला बघून उठायला लागला तशी त्याची सासू म्हणाली, "बसा हो जावई, पानावरनं उठू नका." आतून द्वारका आली. अंगानं भरली होती, कपाळावर पदर. तिनं शीलाताईला लगेच ओळखलं. मला ओळखायला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, "ह्या त्या तक्त्याच्या ताई."

माझा एकेचाळीस निबंधांचा एवढाच पत्ता शिल्लक होता.

"द्वारका," मी म्हटलं, "तुझी मुलगी?"

तिनं मागं बघून हाक मारली. "राणे, ए राणे, बाहीर ये."

एक लांबट, सावळी पोरगी करडू काखेत घेऊन आली. दहा वर्षांची. गुडघ्याला खरचटलेलं. माझ्याकडं बघून तिनं करडाचं तोंड दुसरीकडं वळवलं, जसं काही मी त्याला सुई देणार होते.

मला पुष्कळ बोलायचं होतं. वाटेत घोकलेलं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "तुझे दिवस बरोबर होते. मी चुकले होते. तेव्हा तुला बीडला न्यायला पाहिजे होतं."

द्वारकेनं मान डोलावली. "मला ठावं व्हतं की. तुमालाच ठावं नव्हतं." मग तिला काहीतरी आठवून हसू आलं. "दुसऱ्या टायमाला, पोरगं झालं तवा, मी काय केलं सांगू? सिस्टरनी इचारलं पाळी कधीची. मी महिना पुढची सांगितली. म्हणलं, कमी दिवसाचं हाय म्हणतील अन् सरळ मोठ्या दवाखान्यात धाडतील. धाडलं."

"आणि बाळ?"

"पुऱ्या दिवसाचं. ह्ये एवढं." तिनं हातानं भोपळ्याएवढं दाखवलं.

म्हणजे कुणाच्या तरी निबंधात ते कमी दिवसांचं, दणदणीत वजनाचं बाळ बसलेलं आहे, आणि कुणीतरी त्याची अडीच पानं कारणं लिहिली असतील. ती लबाडी तिला मीच शिकवली होती. मी हसले, मग माझं मला कळलं की मी नुसती हसत नाहीये. शीलाताईनं माझ्याकडं न बघता पिशवीतून फॉर्म काढला, पान उलटलं आणि 'तळ उठला, पत्ता नाही' याच्या खाली, समासात उरलेल्या बोटभर जागेत, काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'मूल आहे. मॅडमनी शेरा वाचला.' खाली तारीख. तारखेपुढं कंसात तिनं पहिल्यांदाच महिना घातला, 'धोंडा'.

द्वारकेची आई चुलीपासून उठली. "ताई, तुमी कुठल्या?"

"परळीच्या."

"आई हाय का परळीला?"

"नाही. गेली."

"मंग ह्या टायमाला धोंडे कुणी घातले?"

"मीच केले. जावयासाठी. फुटले सगळे."

"फुटणारच," ती म्हणाली. "बसा."

"ह्यो मान माझा हाय बरं का," पाटावरचा जावई म्हणाला. "धोंडे मोजून केल्यात."

"तुमी गप जेवा," सासूनं सांगितलं. "लेकीबी खात्यात."

तिनं माझ्यापुढं ताटली ठेवली. त्यावर एकच धोंडा, वाफाळता. मला वाटलं ती ठेवून जाईल. ती खाली बसली, अंगठ्यानं धोंडा फोडला आणि त्याच्या पोटात तूप सोडलं. राणी करडासकट जवळ येऊन ते तूप कुठवर जातंय ते बघत राहिली.

सवयीनं माझा डावा हात मांडीकडं गेला. मांडीवर काही नव्हतं. मी तो गरम असतानाच खाल्ला.